वाऱ्याचे पाच मिलिमीटर

बालेवाडी, शनिवार

आज ५० मीटर रायफलच्या प्रोन, म्हणजे पालथे पडून गोळी झाडण्याच्या सरावात रेंजवर वारा डावीकडून येत होता आणि क्षणाक्षणाला बदलत होता. फायरिंग लाइनपासून १० मीटरवरचे वारा दाखवणारे निशाण ताणलेले असताना ३० मीटरवरचे मात्र पार लोंबत होते. अशा वेळी मी जवळच्या निशाणाला अधिक मान देते, कारण नळीतून बाहेर पडताच मिळालेला धक्का गोळी पुढच्या साऱ्या अंतरभर सोबत घेऊन जाते. पॉइंट टू टूची (०.२२ इंची नळीच्या रायफलची) गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची असते. ५० मीटरवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे आणि सेकंदाला एक मीटर वेगाचा, गालाला कसाबसा जाणवणारा आडवा वारा तिला सुमारे पाच मिलिमीटर सरकवतो. म्हणजे मध्यावर धरलेला नेम दहाच्या कडेला जाऊन टेकतो. अंतर दुप्पट झाले की हे सरकणे जवळजवळ चौपट होते.

जास्त वेगाचे काडतूस वापरले तर वारा कमी लागेल, असे नव्या मुलांना हमखास वाटते. प्रत्यक्षात वाटेत गोळीचा वेग किती झपाट्याने घटतो, यावर तिचे वाहवणे ठरते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकदम वाढत असल्याने तो वेग ओलांडून निघालेली हलकी गोळी उलट अधिक वाहवते. म्हणूनच स्पर्धेची काडतुसे मुद्दाम सेकंदाला सुमारे ३३० मीटर अशा बेताच्या वेगाची बनवतात.

आज मॉनिटरवरचे गोळ्यांचे ठिपके घड्याळातल्या चारच्या दिशेने, उजवीकडे आणि किंचित खाली उतरत होते. गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या, म्हणजे उजव्या पिळाच्या नळीत डावा वारा असाच तिरका लागतो. त्यामुळे केवळ साइटचे, म्हणजे नेम जुळवण्याच्या साधनाचे आडवे क्लिक फिरवून भागत नाही. थोडे वरही घ्यावे लागतात.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून याच प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. पुरुषांची स्वतंत्र प्रोन स्पर्धा मात्र २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून वगळली गेली, याची हळहळ मला अजूनही वाटते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवले त्या तीन स्थितींच्या (गुडघ्यावर, पालथे आणि उभे) प्रकारात प्रोन आहे, पण वाऱ्याशी इतका वेळ एकाग्रतेने झुंजण्याची संधी त्यात मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात कनिष्ठ गटातल्या मुलांना साइटला हात लावू द्यायचा नाही. निशाणाची एकच स्थिती निवडायची, ती परत येईपर्यंत ट्रिगरवरून बोट काढून थांबायचे आणि मगच गोळी झाडायची.