पीडीबीचा सराव : यादीत मागे राहणारे शून्य

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबतच येणाऱ्या पीडीबी या डीबगरचा (प्रोग्राम मध्येच थांबवून त्यातला दोष शोधण्याच्या साधनाचा) सराव पुढे नेण्यासाठी या खेपेस मुद्दाम अगदी छोटी स्क्रिप्ट घेतली आहे. मोजमापांच्या यादीवर लूप फिरवून, म्हणजे एकेक आकडा क्रमाने पाहत, त्याच यादीतील शून्ये काढून टाकायची आणि उरलेल्या आकड्यांची सरासरी छापायची, एवढेच तिचे काम. [४, ०, ०, ७] या यादीवर ती चालवली, तर सरासरी ५.५ यायला हवी, प्रत्यक्षात ३.६७ च्या आसपास येते, म्हणजे एक शून्य मागे राहते.

‘पायथन -एम पीडीबी’ आणि पुढे फाइलचे नाव दिले, की डीबगर पहिल्याच ओळीवर थांबतो. बाण दाखवतो ती ओळ अजून चालायची असते, हे पक्के लक्षात ठेवावे लागते. नाहीतर त्या ओळीत बदलणारी किंमत ‘पी’ या कमांडने छापून पाहताना जुनीच दिसते आणि नसती शंका येते. सुरुवातीपासून एकेक ओळ चालवत जावे लागू नये म्हणून लूपच्या आतल्या ओळीवर ‘बी’ने ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावला आणि ‘सी’ने थेट तिथवर आलो. (पायथन ३.७ पासून कोडमध्येच ब्रेकपॉइंट हे फंक्शन लिहूनही थांबता येते.) पुढे ‘एन’ने एकेक ओळ चालवली, नुसते एंटर दाबले तरी मागचीच कमांड पुन्हा चालते, त्यामुळे हात भरभर चालतो.

दुसऱ्या फेरीत पहिले शून्य निघाले आणि यादी [४, ०, ७] झाली. दुसरे शून्य सरकून नुकत्याच पाहून झालेल्या जागेवर आले, लूप मात्र आपल्या क्रमाने तिसऱ्या जागेकडे गेला, आणि पुढच्या थांब्यावर आकडा थेट ७ निघाला. वाचून माहीत असलेली ही गोष्ट समोर घडताना पाहण्यात जो आनंद आहे, त्यासाठीच हा छंद आहे.

खरी नवी गोष्ट कळली ती ‘डिस्प्ले’ कमांडची. किंमत बदलली की ती आपणहून दाखवते, म्हणून ‘डिस्प्ले यादी’ असे दिले होते. पण शून्य निघाले तरी ती गप्पच. कारण डीबगर आधीच्या किमतीशी तुलना करतो, आणि यादी जागच्या जागी बदलली असल्याने दोन्हीकडे तीच एक यादी असते. ‘डिस्प्ले यादी[:]’ असे लिहिले, की दर वेळी नवी प्रत तयार होते आणि जुनी व नवी यादी शेजारीशेजारी छापली जाते. गंमत म्हणजे मूळ दोषावरचा उपायही हाच ठरला: लूप यादी[:] वर फिरवला, की दोन्ही शून्ये निघतात.

आता रिकामी यादी देऊन भागाकाराची चूक घडवून आणायची आहे. स्क्रिप्ट पीडीबीतून चालवली असेल तर न पकडलेल्या चुकीनंतर तो तिथेच थांबतो, आणि ‘यू’ व ‘डी’ने फंक्शनांच्या साखळीत वर-खाली जाऊन प्रत्येक पातळीवरच्या किमती तपासता येतात.