बाभळीची बाजू

कुणी सागवानी चौकटी कौतुकानं दाखवायला लागलं की मला हमखास बाभळीची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या खानदेशात साग सातपुड्यातून उतरतो आणि पॉलिश लावून बैठकीत मिरवतो. बाभूळ बांधावरच वाढते, येणाऱ्याजाणाऱ्याला काटे टोचते, शेळ्यांना शेंगा पुरवते आणि बाळंतिणीला डिंक.

लाकूड म्हणाल तर सागाचा घनमीटर साधारण ६५० किलो भरतो, बाभळीचा ८००च्या आसपास. साग वाकत-फुगत नाही, हा त्याचा मोठेपणा मान्य. पण दणके खायचे तर बाभूळच हवी. म्हणून गाडीच्या चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बैलांच्या मानेवरचं जू, वखर, कुऱ्हाडीचा दांडा हे सगळं तिच्या वाट्याला आलं. त्या दांड्यानं पुन्हा बाभळीच तोडायच्या. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणणाऱ्याला काय, दांड्याला कुणी विचारलं होतं?

मिस्तरीला मात्र ती घाम फोडते. ओली आहे तोवर लाकूड तासायच्या वाकसानं आकार काढून घ्यावा. वाळली की हत्याराची धार खाते. धागे उलटसुलट पिळलेले, त्यामुळे रंधा वीतभर सुळसुळ जातो आणि पुढे एकदम खापा उचकटतो. खिळा सरळ ठोकला तर वाकतो, आधी गिरमिटानं भोक पाडावं लागतं. त्या खिळ्याला ओल लागली की भोवती शाईसारखा काळा डाग पसरतो. कातडं कमवायला बाभळीची साल वापरतात ती ज्या टॅनिनसाठी, ते लाकडातही असतं आणि लोखंडाशी जमलं की काळं पडतं. आतला गाभा कापताना गुलाबीसर, हवा लागली की तांबूस काळपट होत जातो. तो टिकतो. बाहेरचं पांढुरकं लाकूड मात्र भुंगेरे पोखरतात, म्हणून जुने सुतार ओंडके पाण्यात बुडवून ठेवत.

बांधाला रामकाठी जातीची बाभूळ बरी. फांद्या वर सरळ जातात, पिकावर सावली कमी पडते. नदीकाठी माजलेली वेडी बाभूळ ही अमेरिकेकडून आलेली वेगळीच जात. तिचं पाप हिच्या माथी मारू नये.

आता गाड्यांना टायर आले, वखर लोखंडी झाले. अवजारांना पाइपाचे दांडे बसतात, स्वस्त पडतात, मोडत नाहीत. ठीक आहे. फक्त मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या घरात असताना भरदुपारी तो पाइप उघड्या हातानं धरून दाखवावा कुणी.