इमारत गावाची, पगार सरकारचा
(एका माजी विद्यार्थ्याचे मनोगत)

स्मरणिकेत इमारतींचे फोटो आणि देणगीदारांची यादी असते, असावीच. पण अनुदानित कॉलेज कसं वाढतं हे पाहायचं तर ऑफिसातला कार्यभाराचा, म्हणजे कुणाला किती तास याचा, तक्ता काढावा. महाराष्ट्रात वाटणी ढोबळपणे अशी आहे: जागा, खोल्या, बाक, फळे संस्थेने उभे करायचे आणि मान्य पदांचे पगार शासनाने द्यायचे. वेतनेतर अनुदानावर कुणी फारशी भिस्त ठेवत नाही. म्हणून मान्य पद हीच कॉलेजची खरी कमाई.

हे पद तासांवर मिळतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास. एका पेपरला ४ तास धरले, तर चार पेपर भरले की एक पूर्णवेळ पद. विज्ञानाला प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडतात आणि तास भराभर वाढतात. कला शाखेत तसं होत नाही. एखाद्या स्पेशल विषयाला मुलं कमी आली की तास घटतात, तास घटले की पद जातं आणि कायमचा शिक्षक नाही म्हणून पुढच्या वर्षी मुलं आणखी कमी येतात. भाषा, तत्त्वज्ञान यांसारखे विभाग असेच आटतात. ‘मुलांचा कल बदलला’ हे निम्मंच कारण.

पश्चिम महाराष्ट्राच्या दक्षिणेकडची जुनी कॉलेजं आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि त्यांचे कागद कोल्हापूरला जाऊ लागले. ईबीसी सवलतीने, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांना मिळणाऱ्या फीमाफीने, फी न परवडणाऱ्या घरांतली मुलं वर्गात आली. तुकड्या वाढल्या त्या अशा. १९७५ मध्ये दहावीची पहिली बॅच बाहेर पडली आणि त्याच आवारात ज्युनिअर कॉलेज आलं. छप्पर एक, हिशेब दोन: ज्युनिअरचे पगार शिक्षण उपसंचालकांकडून, सिनिअरचे उच्च शिक्षण सहसंचालकांकडून. दोन्हीकडे शिकवणाऱ्याचे तास कुठल्या खात्यात धरायचे, यावर फायली अडतात.

१९९१ पासून अधिव्याख्यात्यांना नेट-सेट या पात्रता परीक्षांची अट आली. पात्र उमेदवार मिळेनात, म्हणून त्या दशकात नेमलेल्या बिगर नेट-सेट शिक्षकांचा प्रश्न पुढे कोर्टापर्यंत गेला. नंतर नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावरच मिळू लागले. एकाच मजल्यावर पूर्ण पगाराचे प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक पैसे मिळणारे शिक्षक, हे चित्र तेव्हापासूनचं. निवृत्तीने रिकामं झालेलं पद आपोआप भरत नाही. बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद) तपासून घ्या, ना हरकत मिळवा, जाहिरात द्या, विद्यापीठाची निवड समिती बसवा, मान्यता आणा. मधली एक सही राहिली की अख्खं वर्ष तासिकेवर निघतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात त्या विभागाच्या संशोधनाचा रकाना मग कोण भरणार?

स्मरणिका समितीला एक विनंती. संलग्नतेची पत्रं, पदमान्यतेचे आदेश आणि जुनी मस्टर (हजेरीपत्रकं) स्कॅन करून घ्या. आधी मस्टर घ्या: घड्यांवर कागद तुटतो आणि ओल लागली की शाई पसरते.