मागच्या सीटच्या जागी इंजिन

रेनोने १९८० मध्ये आपल्या साध्यासुध्या ‘रेनो ५’ची मागची सीट काढून तिथे १३९७ सीसीचे टर्बो इंजिन बसवले आणि पुढच्याच वर्षी जाँ राग्नोत्तीने त्या गाडीतून माँटे कार्लो रॅली जिंकली. रॅलीसाठी हा उपद्व्याप समजण्यासारखा होता. पण आपल्या छोट्या क्लिओ हॅचबॅकवर तोच प्रयोग करून रेनोने २००१ मध्ये आणलेल्या क्लिओ व्ही६ मागे मला तरी निव्वळ हौसच दिसते.

तीन लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीशी असल्याने मागच्या चाकांची पकड उत्तम असते. मात्र आखूड बांध्यामुळे, ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की वजन पुढे सरकते, मागची चाके सुटतात आणि गाडी सावरायला क्षणभराचीच सवड मिळते. २००३ मध्ये व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) वाढवून आणि सस्पेन्शन बदलून हा स्वभाव बराच निवळवण्यात आला.

सोयीचे म्हणाल तर सीटा दोनच, बॉनेटखाली जेमतेम एका बॅगेची जागा, आणि यू-टर्न घेताना मोठ्या गाडीलाही लाजवील एवढा वळसा. हॅचबॅक घेण्याची जवळजवळ सगळी कारणे रेनोने इंजिनाखाली गाडली. तरीही फोटोत तिचे मागच्या चाकांवरचे फुगलेले मडगार्ड दिसले की माझा हिशेब कोलमडतो.