औषध आईच्या हाती देताना

जुलै महिना, पावसाची झड लागलेली. देवगडजवळच्या एका वाडीतून आई आणि आजी तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आल्या. न्यूमोनिया म्हणून दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं होतं. "दोन घोट घेतल्यान की दमता," आजी म्हणाली. "कपाळ बघा, घामान निथळता."

अशा गारठ्यात दूध ओढताना घामाघूम होणारं बाळ आलं की मी आधी हृदयाकडे वळतो. वजन जेमतेम ४ किलो. श्वास मिनिटाला ७०, ठोके १८०, यकृत बरगडीखाली तीन बोटं लागत होतं. स्टेथोस्कोप ठेवताच मोठी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा फुसफुसता आवाज, ऐकू आली.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलं, तरी जन्मल्या जन्मल्या ते जाणवत नाही. काही आठवड्यांत फुप्फुसांतला दाब उतरतो आणि मग रक्त तिकडे लोटू लागतं. बाळ निळं पडत नाही, नुसती धाप लागते. म्हणून तर न्यूमोनिया वाटतो.

ऑक्सिजन लावला, लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणारं फ्युरोसेमाइड ४ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. तासाभरात लंगोट जड झाला, संध्याकाळी श्वास पन्नाशीवर आला. मग फोंडा घाटाने कोल्हापूर. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भोक मोठं निघालं. ऑपरेशनआधी वजन वाढायला हवं होतं, म्हणून फ्युरोसेमाइडच्या जोडीला हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारं डिगॉक्सिन सुरू झालं.

मला धास्ती होती ती याच औषधाची. गुण येणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. सिरपच्या १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम. या बाळाला एका वेळी २०, म्हणजे ०.४ मिली, दिवसातून दोनदा. टिंब नजरेतून सुटलं तर दहापट औषध पोटात! घरचा चमचा इथे चालतच नाही. १ मिलीच्या सिरिंजवर लाल नेलपॉलिशची रेघ मारून दिली आणि आईला माझ्यासमोर पाणी भरायला लावलं. पहिल्यांदा बुडबुडा आला. तिने नखाने टिचकी मारून तो वर आणला, बाहेर ढकलला, पुन्हा ओढलं, काळ्या रबराची कड रेघेला टेकेपर्यंत.

"ओकलो तर?"

परत द्यायचं नाही. एक वेळ चुकली तर पुढची दुप्पट नाही. उलट्या वाढल्या किंवा दूध सोडलं, तर पुढचा डोस न देता आधी फोन. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन लवकर बाधतं, त्यामुळे रक्ततपासणीही चुकवायची नाही. तिने एकही चुकवली नाही.

दिवाळीआधी वजन साडेपाच किलो भरलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुंबईत मोफत ऑपरेशन झालं.