पीएलसी थांबला, स्क्रू फिरत राहिला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोव्यात कुंडई असो, वेर्णा असो की डिचोलीची औद्योगिक वसाहत, कंट्रोल पॅनेलचं काम संपत आलं की कोणीतरी पीएलसीबद्दल, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाबद्दल, विचारतंच: "पीएलसी स्टॉपला टाकला की सगळ्या मोटारी आपोआप बंद होतात ना?" विचारणारा कधी आयटीआय करून नुकताच मेंटेनन्सला लागलेला मुलगा असतो, कधी खुद्द प्लँट मॅनेजर. माझं उत्तर एकच: ड्राइव्हला, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाला, तसं सांगून ठेवलं असेल तर होतात. नाहीतर नाही.

हा समज कुठून येतो ते मला कळतं. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोटार जोडणाऱ्या स्विचच्या, पॅनेलवर हात बसलेल्या माणसाचा अनुभवच तसा असतो. पीएलसी स्टॉपला गेला की त्याचे आउटपुट सहसा पडतात, कॉइलचा पुरवठा जातो, खट् आवाज होतो आणि मोटार सुटते. नेटवर्कवरच्या ड्राइव्हला अशी कॉइल नसते. त्याच्याकडे आकडे पोचतात: चालू हो, अमुक हर्ट्झवर फिर. ते एकदा आत बसले की पुढचे आकडे येईपर्यंत तेच खरे.

मॉडबस आरटीयू या संदेशांच्या भाषेत हे अगदी उघडं दिसतं. मॉडिकॉनने १९७९ साली आणलेला हा प्रोटोकॉल आजही लहान कारखान्यांत आरएस-४८५ च्या तारांवर रोज राबतो. त्यात मास्टर (इथे पीएलसी) विचारतो आणि स्लेव्ह (ड्राइव्ह) उत्तर देतो. 'मी थांबलोय' असा निरोपच त्यात नाही. पीएलसी थांबला की लाइनवर फक्त शांतता. तिचा अर्थ ड्राइव्हने काय लावायचा ते टाइमआउटच्या, म्हणजे किती वेळ वाट पाहायची त्या, पॅरामीटरमध्ये लिहावं लागतं, आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये हा टाइमआउट मुळात बंदच असतो.

प्रोफिनेट आणि इथरनेट-आयपी ही नवी नेटवर्क याहून शहाणी. प्रोफिनेटवर सीपीयू, म्हणजे पीएलसीचा मेंदू, स्टॉपला गेला तरी जोडणी तुटत नाही. फ्रेम येत राहतात, पण 'आतला डेटा वापरू नका' ही खूण घेऊन. सिमेन्सचा सिनॅमिक्स ड्राइव्ह अशा वेळी एफ०८५०१ हा दोष दाखवतो, सेटपॉइंट (वेगाचा हुकूम) मिळेनासा झाल्याचा. इथरनेट-आयपीमध्ये रन (चालू) आणि आयडल (थांबलेला) असा फरक संदेशातच असतो. म्हणून रॉकवेलच्या पॉवरफ्लेक्स ५२५ मध्ये दोन वेगळे पॅरामीटर आहेत: केबल तुटली तर काय करायचं ते सी१४३ मध्ये, पीएलसी 'प्रोग्राम' मोडमध्ये, म्हणजे थांबलेल्या अवस्थेत, गेला तर काय करायचं ते सी१४४ मध्ये. एक नीट भरून दुसरा जसाच्या तसा सोडलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. केबल तुटणं आणि पीएलसी थांबणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू करून देण्याच्या, घाईत विसरायला होतं.

आता जे घडलं ते सांगतो. फोंडा तालुक्यातला एक पशुखाद्याचा कारखाना. पीएलसी प्रोफिनेटवर, ड्राइव्ह मॉडबसवर, मध्ये दोघांची भाषा जुळवणारा गेटवे. ड्राइव्हमध्ये तीन सेकंदांचा टाइमआउट मी स्वतः भरला होता. प्रोग्राममध्ये बदल करायचा म्हणून सीपीयू स्टॉपला टाकला. पिवळा दिवा लागला. पलीकडे स्क्रू कन्व्हेयरवर (फिरत्या स्क्रूने माल पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर) काम करणाऱ्या मामांनी एचएमआयचे, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवरचे, आकडे गोठलेले पाहिले आणि लाइन थांबली असं धरून चालले. स्क्रूच्या तोंडाशी गोणीची सुतळी अडकली होती, ती काढायला त्यांनी झाकण उघडायला घेतलं. शेजारच्या लाइनवर धान्य भरडणारी हॅमर मिल इतकी घरघरत होती की स्क्रूचा आवाज ऐकूच येत नव्हता. माझी नजर सहज पॅनेलच्या उघड्या दारातून ड्राइव्हच्या डिस्प्लेवर गेली. ३२.० हर्ट्झ, हिरवा दिवा. धावत जाऊन इमर्जन्सी दाबली. तोवर झाकणाच्या चारपैकी दोन बोल्ट निघाले होते.

टाइमआउट चालला का नाही? कारण लाइनवर शांतता झालीच नाही. पीएलसी गेला तरी गेटवे जिवंत होता, आणि त्यात 'शेवटची किंमत धरून ठेवा' असं निवडलेलं होतं. तो सेकंदातून अनेकदा ड्राइव्हला ३२.० लिहीत राहिला. ड्राइव्हच्या दृष्टीने मास्टर ठणठणीत होता. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करतो. पीएलसी थांबला की गेटवेने शून्य लिहायचं, असं सेटिंग. आणि पीएलसीच्या एका आउटपुटवरून थेट तार ओढून ड्राइव्हच्या रन-एनेबल (चालायची परवानगी देणाऱ्या) टर्मिनलवर. नेटवर्कने काहीही सांगो, तो आउटपुट पडला की ड्राइव्ह थांबतो.

पण सगळंच थांबवायचं असंही नाही, हे मी तितक्याच कळकळीने सांगतो. औषध कारखान्यातल्या रिअॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी क्रिया चालू असताना ढवळणी थांबली तर माल एका जागी साचतो आणि तापमान हाताबाहेर जाऊ शकतं. तिथे, किंवा थंड पाण्याच्या पंपाला, 'शेवटच्या वेगाने चालू राहा' हेच योग्य असू शकतं. सेंट्रिफ्यूजला नुसतं मोकळं सोडलं तर ते मिनिटामागून मिनिटं फिरत राहतं, म्हणून त्याला रॅम्पने, म्हणजे ड्राइव्हने वेग उतरवत, थांबवायचं. एकामागोमाग कन्व्हेयर असतील तर मागचा आधी थांबायला हवा, नाहीतर पुढच्यावर ढीग. हा निर्णय प्रोसेसच्या माणसाला शेजारी बसवून एकेका मोटारीसाठी घ्यावा लागतो.

इमर्जन्सी स्टॉप मात्र या साध्या संदेशांवर कधीच सोपवू नका. तो एसटीओच्या (सेफ टॉर्क ऑफ, ड्राइव्हमधली सुरक्षेची सोय) स्वतंत्र तारांनी ड्राइव्हपर्यंत गेला पाहिजे. एसटीओ मोटारीचा जोर काढून घेतो, वीज तोडत नाही. फिरतं वजन आपल्या गतीने थांबतं आणि आत व्होल्टेज तसंच असतं. हात घालायचा तर आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडून कुलूप.

चाचणीचं म्हणाल, तर मी चार वेळा करतो: सीपीयू स्टॉप, पीएलसीचा पुरवठा बंद, केबल उपसणं, नेटवर्क स्विच बंद. प्रत्येक वेळी घड्याळ लावून मोटार किती सेकंदांत थांबली ते लिहितो. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडून आरएस-४८५ चे पोर्ट जळतात आणि नवा ड्राइव्ह फॅक्टरी सेटिंगवर बसतो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. तो कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला असतो.

मामा अजून त्याच लाइनवर आहेत. परवा गेलो तेव्हा पाना हातात घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, "बाब, कुलूप घातलंय मरे?" मी चावी खिशातून काढून त्यांच्या हातात दिली.