जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपचं कार्ड, प्रोसेसर आणि आमचा खारा वारा

आमच्या मालवण-कुडाळ पट्ट्यात जुने वर्कस्टेशन लॅपटॉप भरपूर आहेत आणि ते कुणी शोरूममधून आणलेले नाहीत. मुंबई-पुण्याच्या कंपन्या थोडी वर्षं वापरतात, लीज संपली की लॉटमध्ये काढून टाकतात, मग ते रिफर्बिश्ड म्हणून फिरत फिरत इकडे येतात आणि एखादा डेल प्रिसिजन एम४८०० किंवा एचपीचा झेडबुक सिव्हिलवाल्याच्या ऑफिसात ऑटोकॅड चालवत बसतो, नाहीतर लग्नाचे आणि दशावताराचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याच्या टेबलावर. जड असतात, चार्जरच विटेएवढा, पण उघडायला एकदम सोपे. एम४८०० चं खालचं झाकण बॅटरी काढली की दोन स्क्रूवर सरकतं आणि रॅमचे काही स्लॉट, डिस्क, फॅन, ग्राफिक कार्ड सगळं समोर. आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये हे सुख नाही.

आणि तिथेच लोकांना हुक्की येते. निघतंय ना, मग मोठं घाला. प्रोसेसर मोठा घाला, कार्ड मोठं घाला. मी हे काम हौस म्हणून सुरू केलं आणि आता अर्धवट धंदा झालाय, तर माझं मत सांगतो, पटलं तर बघा : ह्या मशीनमधलं सॉकेट आणि स्लॉट, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड काढता-घालता येण्याची जागा, ही वेग वाढवायची सोय म्हणून फार कामाची नाही, मेलेलं मशीन परत उभं करायची सोय म्हणून सोन्यासारखी आहे.

आधी प्रोसेसर. इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी जी२ सॉकेटमध्ये, चौथी जी३ मध्ये, आणि तिथे गोष्ट संपली, पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डाला सोल्डर होऊनच येतात. चौथ्या पिढीत नाव बघायचं, शेवटी एमक्यू किंवा नुसतं एम असेल तर निघतो, एचक्यू असेल तर विसरा. दुसरी गंमत म्हणजे स्टिकरवर आय७ लिहिलंय म्हणून आत चार कोअर असतीलच असं नाही, आय७-४६००एम दोनच कोअरचा आहे आणि विकणारा तो 'आय७ आहे' एवढंच सांगतो, खोटं बोलत नाही बिचारा.

तर दोन कोअरवरून चार कोअरवर जात असाल, म्हणजे आय५-४३१०एम काढून आय७-४८००एमक्यू, तर जरूर करा, एक्सपोर्ट करताना फरक डोळ्याला दिसतो. फक्त हे ध्यानात ठेवा की ३७ वॅटच्या जागी ४७ वॅट येतायत, हीटसिंक, म्हणजे चिपवर बसणारी तांब्याची पट्टी, आणि फॅन तेवढी उष्णता ओढणारा पाहिजे. पण ४८००एमक्यू काढून ४९००एमक्यू घालणारे पण असतात! २.७ गिगाहर्ट्झचं २.८ होतं, बूस्ट ३.७ चं ३.८, आणि त्यासाठी माणूस पैसे मोजतो. त्याच पैशात चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलून, फॅन साफ करून, रॅमच्या चारही स्लॉटमध्ये ८-८ जीबी घालून ३२ जीबी केलं असतं तर बरं झालं असतं. रॅम घेताना डीडीआर३एल, एल बघून घ्या, १.३५ व्होल्टवाली.

काढणं-घालणं अवघड नाही. सॉकेटला बाजूला एक स्क्रू असतो, अर्धा फेरा फिरवला की प्रोसेसर सुटतो, हाताने उचलायचा. पण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखी पत्र्याची टोपी नसते, काचेसारखी चिप उघडी असते, हीटसिंक एका बाजूने आवळला की कोपरा उडाला म्हणून समजा. स्क्रूच्या बाजूला १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात ते उगाच नाहीत, त्याच क्रमाने थोडा थोडा पीळ द्यायचा. आणि उघड्या चिपवर साधी पेस्ट तापून-निवून हळूहळू कडेला सरकते, म्हणून मी आता पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम७९५० नावाचं पातळ पॅड वापरतो, ते साधारण ४५ डिग्रीला मऊ होऊन बसतं आणि नंतर हलत नाही.

आता एक केस सांगतो. कुडाळच्या बाजूचे एक दादा, जमिनीच्या मोजणीचे नकाशे काढतात, लॅपटॉप घेऊन आले, म्हणाले एकदम बैलगाडी झालाय, प्रोसेसर बदल. आणि ग्राफिकच्या रेघा पण येतायत मधूनमधून, तर कार्डाचं पण बघ. "मोठा कार्ड घाल मरे, पैशाचा मी बगतंय." मी म्हटलं दादा थांबा, आधी बघू तरी काय झालंय. चालू करून बघितलं तर प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर जायलाच तयार नाही, तापमान व्यवस्थित, बॅटरी पण चार्ज होत नाही. तेव्हाच लक्षात आलं. ह्या चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी किती वॅटचा. ते सांगणं पोचलं नाही की लॅपटॉप चार्जर परका समजतो, प्रोसेसरला लगाम घालतो आणि बॅटरी चार्ज करणं बंद. पिन बघितली तर हिरवी. आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि बारीक ब्रशने साफ केली, जॅक आतून साफ केला, मशीन पहिल्यासारखं पळायला लागलं. प्रोसेसरला हातसुद्धा लावला नाही.

हा हिरवा काट, म्हणजे गंज, हाच आमच्याकडचा खरा आजार आहे. पुण्याचा माणूस व्हिडिओत सांगतो की धूळ साफ करा, आमच्याकडे धुळीत मीठ असतं. साध्या मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे उन्हाळ्यात फॅनने आत ओढून बोर्डावर बसवलेलं कोरडं मीठ पावसाळ्यात खारट पाण्याचा थर बनतं, त्यात वीज चालू, मग तांब्याचं काय होणार. म्हणून आमच्याकडे लॅपटॉप जुलैत बंद पडतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप चालू होतो, आणि लोक म्हणतात बघ, सुटला. सुटला वगैरे काही नाही, आत काम चालूच असतं, पुढच्या पावसाळ्यात कायमचा बसतो.

पावसाळ्यात मशीन वापरात ठेवणं हाच सगळ्यात चांगला उपाय, रोज तासभर चालू राहिलं तर आतली उष्णता ओल बसू देत नाही. कपाटात बॅगेत भरून ठेवलेला लॅपटॉप जास्त लवकर मरतो, बॅगेलाच बुरशी येते तर बोर्डाचं काय. आणि तांदळाच्या डब्यात ठेवू नका हो, पीठ आणि किडे तेवढे आत जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी भरलं तसा प्रकार झाला, म्हणजे चिखलाचं पाणी आत गेलं, तर 'चालू होतोय का बघू' हे करायचंच नाही. आधी बॅटरी काढायची, बोर्डावरचा छोटा बटण सेल पण काढायचा, स्वच्छ पाण्याने चिखल धुवायचा, मग आयपीएने, मग नीट सुकवायचं. पाण्यापेक्षा पाण्यात असताना चालू असलेली वीज जास्त नुकसान करते.

असो, दादांच्या रेघा. ग्राफिक कार्ड ह्या मशीनमध्ये एमएक्सएम नावाच्या स्लॉटमध्ये असतं, बोर्डापासून वेगळं, तिरकं सरकवून दोन स्क्रूने बसवलेलं. सगळ्यांमध्ये नाही हां, थिंकपॅडचे डब्ल्यू५२० आणि डब्ल्यू५३० घ्या, प्रोसेसर निघतो पण ग्राफिक चिप बोर्डाला सोल्डर, ती गेली की बोर्ड गेला. एमएक्सएमवाल्यात रेघा दिसल्या, विंडोजने कार्डावर एरर ४३ दाखवला की लगेच कार्ड मेलं असं म्हणायचं नाही. मी आधी कार्ड बाहेर काढतो, सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबर आणि आयपीएने साफ करतो, स्लॉट ब्रशने, आणि परत बसवतो. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये एवढ्यावर सुटलेली कार्डं बरीच आहेत. दादांचं नाही सुटलं, मेमरीच्या चिपखाली काट शिरला होता.

मग त्यांनी विचारलं भाजून होत नाही काय, कुणीतरी सांगितलं होतं ओव्हनमध्ये घालतात. ही ओव्हनची कथा कुठून आली ते माहिती असायला पाहिजे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या काही लॅपटॉप चिप चिप-पॅकेजच्या कमकुवत मटेरियलमुळे जास्त प्रमाणात बंद पडतायत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढतोय. त्यात बिघाड कुठे, तर सिलिकॉनचा तुकडा आणि त्याच्या खालची हिरवी पट्टी ह्यांच्यामधले बारीक टाके. पट्टी आणि बोर्ड ह्यांच्यामधले सोल्डरचे मोठे बॉल वेगळे. रिबॉलिंगमध्ये, म्हणजे चिप उपटून परत बसवताना, बदलतात ते मोठे बॉल, आणि तुटलेले असतात वरचे बारीक. तरी गरम केल्यावर चालतं कारण उष्णतेने तुटलेला टाका थोडे दिवस परत टेकतो. गिऱ्हाईक पैसे देऊन खूश होऊन घरी जातो, आणि थोड्या दिवसांनी परत त्याच रेघा. शिशाशिवायचं सोल्डर वितळायला २१७ डिग्रीच्या वर जावं लागतं, घरच्या ओव्हनमध्ये तिथपर्यंत नेताना कार्डावरचं प्लास्टिक आधी जातं, आणि ज्या ओव्हनमध्ये कार्ड भाजलं त्यात परत केक करू नका. मुळात एमएक्सएमची मजाच ही की भाजायची गरजच नाही, दुसरं कार्ड सरकवलं की झालं.

पण कुठलं? इथे दादा परत मोठ्या कार्डावर आले. एमएक्सएममध्ये दोन मापं, ए म्हणजे ८२ बाय ७० मिलिमीटर आणि बी म्हणजे ८२ बाय १०५. पंधरा इंची एम४८०० मध्ये ए बसतं, सतरा इंची एम६८०० मध्ये बी. वॅटचा हिशेब वेगळाच, एनव्हिडियाच्या कार्डांत के११००एम ४५ वॅट, के२१००एम ५५, के५१००एम थेट १००, म्हणून तर एम४८०० ला १८० वॅटचा चार्जर आणि एम६८०० ला २४० चा देतात. माप बसलं तरी हीटसिंकची तांब्याची पट्टी नवीन कार्डाच्या मेमरीवर आणि पॉवरच्या भागांवर टेकायला पाहिजे, मधला मऊ थर्मल पॅड जाड घातला की चिपच अधांतरी राहते. मग व्हीबायोस, म्हणजे कार्डातला स्वतःचा प्रोग्रॅम : दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं कार्ड कधी चालू होत नाही, कधी चालू होतं पण स्क्रीनचा ब्राइटनेस बदलत नाही, कधी फॅनला कार्डाचं तापमानच कळत नाही. आणि ड्रायव्हर इन्स्टॉल करताना 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' येतं, कारण फाइलमध्ये त्या कार्ड-लॅपटॉप जोडीचा नंबर नसतो, तो हाताने लिहून, विंडोजची सही-तपासणी बंद करून ड्रायव्हर घालायचा. हौशी माणसाला हे सगळं करायला मजा येते, मला येते, पण ज्याला उद्या नकाशा द्यायचाय त्याला ह्यात ओढायचं नाही.

म्हणून मी त्यांना होतं तेच मॉडेल, त्याच कंपनीचं, तोच पार्ट नंबर मागवायला सांगितलं. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून. इकडे सुटे भाग आणायचे म्हणजे कुरियर आहेच, पण हायवेवर काही झालं की अडकतं, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पार्सल देतात किंवा सरळ गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेत टाकतात. दादांचं कार्ड त्यांच्या पुतण्याबरोबर मोदकाच्या साच्यासोबत आलं, फेसात नीट गुंडाळलेलं. बसवलं, पॅड नवीन, पीटीएम नवीन, ड्रायव्हरने एक शब्द विचारला नाही.

तरी सांगून ठेवलंय की एनव्हिडियाच्या ह्या केप्लर पिढीच्या कार्डांचे नवे ड्रायव्हर यायचे थांबलेत, सुरक्षेचे अपडेट पण बंद झालेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे मागतं इंटेलची आठवी पिढी, आपण बसलोय चौथ्या पिढीत. आडवाटेने घालता येतं, पण सरकारी पोर्टल आणि बँकेचं काम त्याच मशीनवर करणाऱ्याला मी ते घालून देत नाही. टू-डी नकाशे काढायला तर कार्ड पण लागत नाही खरं म्हणजे, प्रोसेसरमधलं इंटेल ४६०० ग्राफिक पुरतं, फक्त काही मॉडेलमध्ये त्याची वायर स्क्रीनपर्यंत नेलेलीच नसते म्हणून कार्ड काढून चालत नाही. 4के व्हिडिओवाल्यांना मी सरळ नाही म्हणतो.

मोठ्या कार्डाचे वाचलेले पैसे दादांनी एसएसडीत घातले आणि आता मेव्हण्याचा लॅपटॉप पाठवलाय, चार कोअरचा प्रोसेसर टाकून दे म्हणून. खालचा नंबर टाकून बघितला तर ४७००एचक्यू. चार कोअर आहेतच, सोल्डर केलेले. फॅनमध्ये मात्र पाल निघाली.